कांतीलाल शेठच्या ओट्यावरचा रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. माझी माती गिरणाकाठची, भडगावची. लोटन कुंभाराने मला थापटून घडवले, आव्यात भाजले आणि बैलगाडीत गवतावर निजवून जळगावला पाठवले. कांतीलाल शेठच्या धान्य दुकानाच्या ओट्यावर मला जागा मिळाली. येणारेजाणारे पाणी पीत, "गार शे रे" म्हणत आणि पुढे जात. तेवढी शाबासकी मला पुरे होती.

समोर एका बचत कंपनीची कचेरी होती. १९८७ साली तिला कुलूप लागले. कोर्टाने कंपनी अवसायनात काढली आणि हिशेब मिटवायला एक अधिकारी नेमले. ते ठरावीक दिवशी येऊन ठेवीदारांचे अर्ज घेत. सोबत मूळ पावती लागे. रांग उन्हात उभी राहायची, आणि तहान लागली की माणसे माझ्याकडे यायची.

एकजण मात्र येत नसे. कौतिक, भडगावचा, बाजारोबाजार फिरून बांगड्या विकणारा. दुकान टाकण्यासाठी साठवलेले सगळे पैसे त्याने शेठच्या शब्दावर या कंपनीत ठेवले होते. फिरत्या माणसाच्या घरी कागद टिकत नाही, म्हणून पावतीही शेठच्याच तिजोरीत होती. कंपनी बुडाली तशी त्याने शेठची पायरी सोडली; रांगेजवळ येऊन चौकशी करी आणि तसाच परत जाई.

"कौतिकभाऊ, पाणी तरी प्या," शेठ गादीवरून म्हणत.

"तुमनं पाणी नको, शेठ. तुमना शब्द पिधा, तोच आजून पचना नही."

रांग हसायची. पावती मागायला पायरी चढावी लागणार होती, आणि तो चढत नव्हता. शेठही ती आपणहून देत नव्हते. विश्वासाने ठेवलेला कागद न मागता परत करणे म्हणजे संबंध तोडणे, अशी त्यांच्या पेढीची रीत होती.

शेठची स्वतःची ठेवही त्याच कंपनीत अडकली होती. त्यांच्या पत्नी झमकूबाई मला भरताना विचारत, "तुम्ही का नाही रांगेत उभे राहत?"

"बाजारात पत आहे माझी. शेठ बुडाला हे कळलं, तर उद्या उधारीवर एक पोतं मिळणार नाही."

"बरं. मग आज पानात पतच वाढते."

अर्जाची शेवटची तारीख उजाडली. कौतिक पावतीविनाच रांगेत उभा राहिला.

"कागद नही तर काय देशी रे सायबले?" मागच्याने हटकले.

"हात जोडसू."

तेव्हा शेठ टोपी घालून ओटा उतरले. सगळ्या व्यापाऱ्यांच्या देखत ते कौतिकच्या मागे जाऊन उभे राहिले. हातात दोन पावत्या होत्या. एक त्यांनी पुढे केली.

कौतिकची नजर दुसरीवर गेली. "हाई कोनी शे?"

"माझी."

"तुमनीबी बुडनी? मंग इतला दिन बोलनात का नही?"

शेठनी आजूबाजूच्या दुकानांकडे पाहिले. सगळे इकडेच पाहत होते.

"रांगमा मनी जागा धरा," कौतिक म्हणाला. तो पायरी चढला, माझे झाकण उचलून एक पेला पाणी प्यायला. दुसरा भरून रांगेत शेठला नेऊन दिला.

काही वर्षांनी दोघांना ठेवीचा थोडा हिस्सा परत मिळाला. कौतिकचे दुकान त्यात झाले नाही, हातगाडी झाली. शेठकडे व्यापारी बरेच दिवस रोख मागत राहिले.

आता दुकानात फ्रिज आला आहे. मी मागच्या अंगणात आहे. मित्रांनो, रिकामा रांजण उन्हात तडकतो. त्याला सावलीत ठेवा, रोज भरा. आणि त्याच्या झाकणावर पेले दोन ठेवा.