वज्रेश्वरीचा गुलाब

“रोज पाणी टाकते की, आई. एक दिवस चुकवला नाही,” दिपाली सासूला म्हणाली आणि तिने रिकामं पातेलं पायरीवर ठेवलं.

हौसाने पिशवी खांद्यावरून उतरवली. दापोड्याच्या गोदामात नऊ तास उभं राहून खोक्यांवर लेबलं चिकटवायची, हे काम सांगायला सोपं आहे. संध्याकाळी मानकोली नाक्यावर कंपनीची बस सोडायची, तिथून घरापर्यंतचं अंतर रोज थोडं वाढल्यासारखं वाटे. तरी ती बसली नाही, आधी गुलाबापाशी गेली. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. काल टोकांनाच होत्या, आज पानाच्या मध्यापर्यंत आल्या होत्या. तिने नुसता हात लावला तर तीन पानं हातात आली.

“कीड तर दिसत न्हाय,” ती म्हणाली. “पानी बी हाय. मग कशानं?”

हा गुलाब छत्तीस वर्षांचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा चांगदेव वज्रेश्वरीला गरम कुंडांवर गेला होता. हौसाने येताना काचेच्या बांगड्या आणायला सांगितल्या होत्या. चांगदेवने ओल्या पंच्यात गुंडाळलेली एक काटेरी काडी आणली. ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि आपल्याशी कोणी बोलत नाही हे त्याला कळलंच नाही म्हणून आणखी तीन दिवस बोलली नाही.

गुलाब अगदी गावठी. फिकट रंग, विस्कटलेल्या पाकळ्या, सकाळी उमललेलं फूल दुपारी गळायचं. बाजारात त्याला कोणी विचारलं नसतं. पण वास असा, की ओट्यावर बसलेला माणूस बोलता बोलता गप्प व्हायचा. भाताची शेतं गेली, गोदामं आली, ट्रेलरची धूळ पानापानावर बसायला लागली, तरी हे झाड माघात भरून यायचं. सहा वर्षांपूर्वी चांगदेव गेला. तेव्हापासून हौसा रोज सकाळी एक फूल तोडून त्याच्या फोटोपुढे ठेवायची. फूल नसेल तेव्हा कळी, कळी नसेल तेव्हा पान. नवऱ्याशी तेवढाच व्यवहार उरला होता, आणि तो तिला तुटू द्यायचा नव्हता.

तिची नजर पायरीवरच्या पातेल्यावर गेली. “आज कंची मासळी होती?”

“बांगडा. प्रितेशने आणलाय ना, तो खारा. ताजी मिळतेच कुठे सध्या? दोन पाण्यांत भिजवते आणि दोन्ही पाणी यालाच घालते. तुम्हीच सांगितलं होतं ना, मासळीचं पाणी मोरीत घालवायचं नाही.”

सांगितलं होतं खरं. या घरात मासळी धुतलेलं पाणी नेहमी गुलाबाचं, आणि हौसा गोदामात लागल्यापासून ते काम सुनेकडे आलं होतं. पण ताज्या मासळीचं पाणी वेगळं आणि खाऱ्याचं वेगळं, हे सांगायचं राहून गेलं. गावात ते कोणाला सांगावं लागत नाही. दिपाली कल्याणला तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. तिला कसं ठाऊक असणार?

सून भाकऱ्या टाकायला आत गेल्यावर हौसाने बुंध्याजवळची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. तिचा बाप मिठागरावर कामाला होता. मिठाची चव तिला लहानपणापासून ठाऊक होती. तिने माती थुंकली आणि पदराने तोंड पुसलं.

आता आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ते तिला बोलवेना. गेल्या पौषात दिपालीचं पोट पडलं होतं. चौथा महिना होता. कोणी तिला बोल लावला नाही, पण तेव्हापासून ही पोर कपबशी उचलतानासुद्धा आधी सासूच्या तोंडाकडे बघायची. माझ्या हातचं काही जगत नाही, असं एकदा शेजारणीला म्हणताना हौसाने ऐकलं होतं. गुलाबाला पाणी घालणं हे एकच काम ती कोणाकडे न बघता करायची.

“दिपाली,” हौसाने बाहेरूनच हाक मारली, “उद्यापासून मासळीचं पानी नको घालूस. मुंग्या होतात. झाडाचं मी बघते.”

मिठावर उपाय एकच, भरपूर गोडं पाणी. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. हौसाने बुंध्याभोवतीची माती उकरून बदलली आणि कामावरून आल्यावर बादल्या ओतायला सुरुवात केली. एकेका खेपेला दहा-बारा बादल्या. तिचा मुलगा प्रितेश म्हणाला, “आई, झाडासाठी कंबर मोडून घेशील.” ती म्हणाली, “ऊन कडक हाय, थंडावा देते.” खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण दमलेल्या माणसाला फारसं कोणी उलट विचारत नाही.

दहाव्या दिवशी तिने नखाने साल खरवडली. आत तपकिरी. खाली, आणखी खाली, अगदी मातीशी खरवडून पाहिलं. कुठेही हिरवं नव्हतं. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. चांगदेव गेला तेव्हा माणसांची ये-जा इतकी होती, की रडायला सवड मिळाली नव्हती. आज घरात कोणी नव्हतं, तर रडायला जोर नव्हता.

त्याच गुलाबाचं एक झाड अजून जिवंत होतं. भिंतीपलीकडे, तिच्या धाकट्या जावेच्या, गोदूबाईच्या अंगणात. अडचण एवढीच, की सहा वर्षांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. चांगदेव शेवटच्या दिवसांत खाटेवर पडलेला असताना पलीकडे गोदूबाईच्या लेकीची, करिष्माची हळद होती, आणि हळद म्हटल्यावर डीजे. हौसा स्वतः जाऊन हात जोडून आली होती. डीजे वाजतच राहिला. तिसऱ्या दिवशी चांगदेव गेला. तेव्हापासून माघात पलीकडून वास आला, की हौसा खिडकी लावून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसला जायच्या आधी ती गोदूबाईच्या दारात उभी राहिली.

“गोदू, माझं झाड गेलं,” ती म्हणाली. “एक काडी दे.”

ओटा झाडणाऱ्या गोदूबाईचा हात थांबला. तिने जावेला नीट पाहून घेतलं.

“मागून लावलेला गुलाब लागत न्हाय, वयनी,” ती शेवटी म्हणाली. “चोरूनच न्यायला लागतो. मी तुझ्या झाडाची काडी नेली तवा तू झोपेचं सोंग घेतलंस, म्हणून माझा लागला. बस. चाय ठेवते.”

ती आत गेली. जाताना ओट्यावरच्या फडताळातला कोयता काढून पायरीवर ठेवून गेली.

हौसाने पेन्सिलीएवढ्या जाड तीन काड्या कापल्या. बोटात काटा गेला. तिने काड्या पदराखाली घेतल्या तोवर चहा आला. दोघी पायरीवर बसल्या. पदराबाहेर हिरवी पानं सरळ दिसत होती आणि गोदूबाई अगदी मन लावून रस्त्याकडे बघत होती.

“कशानं गेलं?”

“मीच. खाऱ्या बांगड्याचं पानी ओतलं. ध्यानात न्हाय राहिलं.”

“तू?” गोदूबाई म्हणाली. “मिठागरवाल्याची पोर?”

“वय झालं आता.”

भिंतीपलीकडे, हौसाच्या अंगणात ओले कपडे झटकल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“मी सांगितलं होतं त्यांना, डीजे बंद करा म्हणून,” गोदूबाई बशीकडे बघत म्हणाली. “माझं कोन ऐकतो?”

खरं असेल, नसेलही. सहा वर्षांपूर्वी हौसाने त्यावर भांडण केलं असतं. आता तिने चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, “साखर कमी टाकत जा. तुना शुगर सांगितलीये ना डाक्टरनं?”

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला काड्या लावून होईपर्यंत बस गेली होती. ती शेअर रिक्षाने गेली. उशीर झाला म्हणून सुपरवायझरने दिवसभर मागच्या दारावर, उन्हात उभं केलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा दिपाली पायरीवर बसली होती. चूल थंड होती. तिन्ही काड्यांना तिने जुन्या साडीची सावली बांधली होती.

“ते खाऱ्याचं पाणी मी घातलं,” दिपाली म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी माती चाखली ना, ते खिडकीतून बघितलं होतं मी. नंतर मीही चाखली. रोज वाटायचं, आज बोलाल. तुम्ही बादल्या ओतत होता आणि मी आत बसून मोजत होते. आज काकूंकडे माझ्याऐवजी स्वतःचं नाव घेतलंत, तेही ऐकलं मी.”

हौसा तिच्या शेजारी बसली. पोरीच्या पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटलं, पण हात उचलेना. झाडाचं वाईट वाटत होतं, ते वाटायचं थांबलं नव्हतं. उद्या सकाळी फोटोपुढे काय ठेवायचं, हेही तिला ठाऊक नव्हतं.

“या काड्या लागतील का?” दिपालीने विचारलं.

“वैशाखात कोन लावतो? लागल्या तर लागल्या.” हौसाने पाय लांब केले. “माझे बूट काढ जरा. वाकवत न्हाय मना.”

आजवर तिने सुनेला असलं काम कधी सांगितलं नव्हतं. दिपालीने डोळे पुसले, खालच्या पायरीवर बसून तिचा एक पाय मांडीवर घेतला आणि बुटाच्या नाडीची घट्ट बसलेली गाठ नखांनी सोडवू लागली. गाठ लवकर सुटत नव्हती. हौसाने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.