शिवानंदअण्णांचा उजवा बूट

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. माझं चामडं सुरकुतलं आहे, टाच एका बाजूनं झिजली आहे आणि तळाचे जमीन पकडणारे दोन खुंट, म्हणजे स्टड, दुसऱ्याच कुठल्या तरी बुटाचे आहेत, हे मला ठाऊक आहे. मी फुटबॉलचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा माझा जन्माचा जोडीदार. तो पहिल्यापासून अबोल, म्हणून आमच्या दोघांची गोष्ट मीच सांगतो.

पंजाबातल्या एका कारखान्यात आमचा जन्म झाला. एकानं चामडं कापलं, दुसऱ्यानं शिवलं, तिसऱ्यानं तळ चिकटवला आणि एका म्हाताऱ्या कारागिरानं बोटानं शिवण चाचपून आम्हाला खोक्यात निजवलं. पुढं सोलापूरच्या एका दुकानात काचेआड आम्ही बरेच महिने बसून होतो. येणारी माणसं क्रिकेटची बॅट मागत. आमच्याकडं कुणी ढुंकूनही पाहत नसे.

एके दिवशी लोहाऱ्याहून एक तरुण आला. अंगानं काटक, डोळ्यांत घाई. घरचं किराणा दुकान होतं आणि त्याच्या मालासाठी तो सोलापूरला आला होता. त्यानं आम्हाला पायांत चढवलं, दुकानात चार पावलं टाकली आणि एकदम उडीच मारली. दुकानदार म्हणाला, “जरा हळू, फरशी फुटंल.” तरुण हसला आणि पैसे देऊन, आम्हाला पायांतून न काढताच दुकानाबाहेर पडला. ते आमचे मालक, शिवानंद. गावानं त्यांना अण्णा म्हणायला अजून वेळ होता, पण मी आपला पहिल्या दिवसापासून अण्णाच म्हणत आलो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात खो-खोचं वेड मोठं. फुटबॉल खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोहाऱ्याच्या संघाचं नाव मात्र भारदस्त होतं, ‘बालाघाट फुटबॉल क्लब’. मैदान बाजारतळाच्या मागं. बाजाराच्या दिवशी तिथं बैल बांधलेले असत, म्हणून सराव बाकीच्या दिवशी. आधी सगळ्यांनी वाकून दगड वेचायचे, मग खेळायचं. पहिल्याच दिवशी एका दगडावर माझं नाक खरचटलं. तो वण अजून आहे.

अण्णा पुढच्या फळीत खेळत. लांबून उजव्या पायानं चेंडू मारावा तर त्यांनीच. लोक त्याला ‘शिवानंदचा उजवा’ म्हणत. मित्रांनो, तो उजवा म्हणजे निम्मा मीच की! एकदा अण्णांनी असा फटका मारला की चेंडू गोलावरून गेला, कुंपणावरून गेला आणि रस्त्यावरच्या वडाप जीपमध्ये उतारूंच्या मांडीत जाऊन पडला. ड्रायव्हरच्या काही ध्यानात आलं नाही. जीप तशीच उमरग्याच्या रस्त्याला लागली. दुसरा चेंडू कुणाकडं नव्हता. दोन्ही संघ रस्त्याकडेला बसून शेंगा खात राहिले आणि जीप परत आल्यावर सामना पुढं सुरू झाला. तो आम्ही जिंकला.

किती मैदानं पाहिली मी! तुळजापूर, उमरगा, ढोकी, लातूर, पार सोलापूरपर्यंत. गोल झाला की पोरं अण्णांना खांद्यावर घेत आणि मी वरून गर्दीची डोकी बघत असे. घरी आल्यावर अण्णा ओल्या फडक्यानं आम्हाला पुसत, सावलीत वाळवत, तेलाचं बोट फिरवत. लग्न झाल्यावर महेश्वरीवहिनी घरात आल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि बोलायला तिखट. त्या म्हणत, “ह्या बुटांना लावता तेवढं तेल डोक्याला लावलं असतं, तर चार केस राहिले असते.” अण्णा डोक्यावरून हात फिरवत आणि आम्हाला आणखी एक बोट लावत.

असे सुखाचे दिवस चालले असताना धाराशिवच्या एका सामन्यात अण्णांनी गर्रकन वळण घेतलं. मी जमिनीत रुतून बसलो, वरचा गुडघा मात्र वळला. कट् असा आवाज झाला. तो आवाज सगळ्यांत आधी मी ऐकला. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, “चालाल, जिना चढाल, थोडं पळालही. पण आता पूर्वीसारखं खेळणं नाही.”

मग आमचे वाईट दिवस आले. अण्णांनी आम्हाला पलंगाखाली सरकवलं. शेजारी कांद्यांची रास. चामडं कडक झालं, लेस वाळल्या वेलीसारखी आकसली आणि डाव्याच्या पोटात एका उंदरीणबाईनं संसार थाटला. अण्णा वाकून पाहतही नव्हते. मैदानाकडं जाणारा रस्ता टाळून ते लांबच्या वाटेनं दुकानात जात.

एका संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष महालिंगप्पा घरी आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि बोलणंही कापड मापल्यासारखं, जेवढ्यास तेवढं.

“शिवानंद, संघाला मॅनेजर पायजे.”

“मॅनेजर म्हणजे बाटल्या भरायच्या व्हय?” अण्णा म्हणाले.

“बाटल्या भरायच्या. जीप ठरवायची. कोण खेळणार, कसं खेळणार, ते ठरवायचं. हरलं की बोलणी खायची. जिंकलं की हार पोरांच्या गळ्यात.”

“मग ह्यात माझं काय?”

महालिंगप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. “ते मला काय ठाव न्हाय. वर्षभरानं तूच सांग.”

ते गेल्यावर बऱ्याच वेळानं पलंगाखाली एक हात आला. उंदरीणबाईला दुसरं घर शोधावं लागलं. बसस्थानकाबाहेरच्या कारागिरानं आमचा तळ शिवला, पडलेल्या स्टडच्या जागी दुसरे बसवले आणि आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. यावेळी रेषेच्या बाहेर.

मित्रांनो, रेषेबाहेर उभं राहणं किती अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. अण्णा मैदानाच्या कडेनं येरझाऱ्या घालत. चेंडू पुढं आला की त्यांचा उजवा पाय आपोआप उचलला जाई आणि मी हवेतच लाथ मारत असे. एकदा तशी लाथ पाण्याच्या बादलीला बसली आणि महालिंगप्पांचं पांढरंशुभ्र धोतर भिजलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण गुडघा थोडा सुधारताच अण्णांनी राखीव खेळाडूंत स्वतःचं नाव घातलं. सामना अडला की ते दुसऱ्या कुणाला तरी बाहेर बोलावत आणि स्वतः आत जात. मला आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू? पण अण्णा पूर्वीसारखे पळू शकत नव्हते. पोरं मात्र सवयीनं चेंडू त्यांच्याकडंच देत. लांबून फटका मारला जाई, तो बाहेर जाई आणि आम्ही हरत असू. असं एकदा नाही, लागोपाठ झालं.

विरेश हा आमचा नवा, चपळ पुढचा खेळाडू. वीज मंडळात कामाला होता आणि खांबावर चढावं तसा सरसर पळायचा. एका हरलेल्या सामन्यानंतर परतीच्या जीपमध्ये तो म्हणाला, “अण्णा, राग मानू नका. तुम्ही आत आलात की आमी खेळायचं थांबतो. सगळे तुमच्याकडंच बघत बसतो.”

 विरेशच पुढं म्हणाला, “मला लातूरच्या संघानं बोलावलंय. जाऊ वाटत न्हाय. पण असंच चाललं तर जावं लागंल.”

अण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत. वहिनींनी कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “फळ्यावर गणित सोडवताना पोरगं अडलं की त्याच्या हातातला खडू काढून घ्यावा असं मला रोज वाटतं. घेतला तर उत्तर बरोबर येतं. पण ते गणित माझं होतं, त्याचं न्हाय.”

 दुसऱ्या दिवसापासून सराव बदलला. लांब फटके बंद. जवळचा माणूस शोधायचा, चेंडू द्यायचा, मोकळ्या जागेत पळायचं. पोरांच्या खेळाला रंगत आली. संघ जिंकू लागला. विरेशनं लातूरला नकार कळवला. तरी राखीव खेळाडूंत अण्णांचं नाव राहिलं, आणि सामन्याला येताना आम्ही त्यांच्या पायांत राहिलो. आशा सहज सुटत नाही, मित्रांनो. बुटाचीही नाही आणि माणसाचीही नाही.

हिवाळ्यात ढोकीला स्पर्धा होती. तिथल्या साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता, हवेत मळीचा गोडसर वास. मैदानाच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या आणि त्यांवर माणसं बसली होती, ऊस सोलत, चोयट्या थुंकत. अंतिम सामना सोलापूरच्या एका तगड्या संघाशी. एक गोल त्यांचा, एक आमचा. शेवटची थोडी मिनिटं उरली आणि विरेशच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला, मगरीच्या जबड्यासारखा. तो लंगडत रेषेपाशी आला. राखीव पोरांचे बूट त्यानं घालून पाहिले. एक सैल, एक आवळ.

संघाला एक खेळाडू बदलता येत होता. ट्रॉल्यांवरून हाका सुरू झाल्या, “शिवानंद, तू जा! तुझा उजवा दाव!” मी आतून फुलून गेलो. अण्णा खाली बसले आणि त्यांनी माझी लेस धरली. मला वाटलं, आता आवळणार. 

त्यांनी लेस सोडली. मला काढलं, डाव्याला काढलं आणि आम्हाला विरेशपुढं ठेवलं.

“तुझं अन् माझं माप एकच हाय. घाल.”

“अण्णा, लोक तुम्हाला बोलावतायत.”

“लोकांना जुनं आठवतंय. तू घाल अन् जा. अन् ऐक, मोकळा माणूस बघ.”

पंचांनी आम्हाला उलटंपालटं करून पाहिलं आणि विरेश आत धावला. अण्णा रेषेवर अनवाणी उभे राहिले. विरेशच्या पायाची ओळख नसल्यानं मला क्षणभर चुकल्यासारखं झालं. पण किती वेगानं पळत होतो आम्ही! तशा वेगानं मी कित्येक वर्षांत पळालो नव्हतो. विरेशनं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि गोल समोर आला. तिघे बचाव करणारे त्याच्यावर धावले. ट्रॉल्यांवरची माणसं उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता फटका. मलाही तेच वाटलं. मी अंग ताठ केलं.

आणि विरेशनं मला चेंडूला नुसतं टेकवलं. इतक्या अलगद मला कधीच कुणी वापरलं नव्हतं. चेंडू घरंगळत बाजूला गेला. तिथं आमचा बसवराज एकटा उभा होता. बसवराज बचावाच्या फळीतला, त्यानं आजवर एकही गोल केला नव्हता. त्यानं डोळे मिटून पाय लावला. जाळं हललं.

बसवराजला आपण काय केलं ते कळेपर्यंत सगळा संघ त्याच्या अंगावर पडला होता. अण्णा उसाच्या चोयट्यांतून अनवाणी नाचत होते. पायांना टोचत असणार, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. महालिंगप्पांनी फटाक्यांच्या तेरखेड्याहून आणलेली शोभेच्या दारूची झाडं पिशवीतून काढून मैदानातच पेटवली. हार बसवराजच्या आणि विरेशच्या गळ्यात पडले. अण्णांच्या गळ्यात एकही नव्हता. मी नीट पाहिलं, त्यांचं तोंड हार घातलेल्या माणसांपेक्षा जास्त खुललं होतं.

विरेश बूट परत द्यायला आला तेव्हा अण्णा म्हणाले, “राहू दे. क्लबच्या खोलीत ठेव. ज्याचा बूट फाटंल, त्यानं घालावा.” पुढच्या स्पर्धेला ते साध्या चपलेवर आले. राखीव खेळाडूंत त्यांचं नाव नव्हतं.

तेव्हापासून मी कुणा एकाचा नाही. किती तरी पाय माझ्यात येऊन गेले. कुणाची बोटं लांब, कुणाची टाच रुंद. मोज्यांवर मोजे चढवून मला घालणारेही भेटले. आता अण्णांनी मुलींचाही संघ काढला आहे. महेश्वरीवहिनी त्यात आपल्या शाळेतल्या मुली पाठवतात आणि सामन्याच्या दिवशी वेळेचा हिशेब चुकला की पंचांशी वाद घालतात.

मित्रांनो, एक मागणं आहे. खेळून आलात की आम्हाला चिखलासकट कोपऱ्यात फेकू नका. लेस सोडून पाय काढा, ओल्या फडक्यानं पुसा, उन्हात न टाकता सावलीत वाळवा. आणि तुमचा खेळ थांबला, तर आम्हाला पलंगाखाली कोंडून ठेवू नका. आमच्यात धाव उरलेली असते, तोवर दुसऱ्या कुणाला तरी द्या. बुटाला अंधाराएवढं दुःख कशाचंच नसतं.

आज सकाळी मुलींचा सामना आहे. अर्पिता नावाची गोलरक्षक आहे, तिचे बूट काल भिजले. तिनं मला उचललं, आतला खडा झटकला आणि पाय घातला. पाय गार आहे आणि थोडा घाबरलेलाही. रेषेवरून अण्णांचा आवाज येतो आहे, “सावकाश, पोरी, सावकाश. मैदान कुठं पळून जात न्हाय.” तिनं लेस बांधली, दोनदा जमिनीवर पाय आपटला आणि ती, डावा आणि मी, आम्ही तिघं मैदानात उतरलो.