शिट्टीवाला मोडेम आणि काझचा मुका सूर

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. लगेच नाक मुरडू नका! तुमच्या घरातल्या भिंतीवर जी डबी गुपचूप लुकलुकत असते ना, तिचा मी खापरपणजोबा. ती बिचारी तोंडातून ब्र काढत नाही. मी मात्र कामाला लागलो की अशी काही शिट्टी घालायचो की शेजारचं कुत्रं गळा काढून रडायचं!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. करड्या रंगाचा चपटा डबा, कपाळावर लाल दिव्यांची रांग आणि पाठीत टेलिफोनची तार. दिसायला मी काही राजबिंडा नव्हतो, पण रेनाटा गापिन्स्कीने मला खोक्यातून काढलं तेव्हा ती चक्क माझा पापा घेऊन मोकळी झाली. रेनाटा मिलवॉकीत राहायची आणि शाळेची पिवळी बस चालवायची. तिने मला टेबलावर ठेवलं, माझ्या डोक्यावर टेलिफोन ठेवला आणि मला तिच्या संगणकाला जोडलं.

तिचे वडील काझ दारात उभे राहून बघत होते. चामड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस. "एवढ्याशा डब्यासाठी एवढा नाच?" ते म्हणाले.

"बाबा, हा डबा मला थेट पोर्टलंडला नेणार!"

"मग माझ्यासाठी येताना पाव घेऊन ये."

आता माझं काम सांगतो. कान द्या, सोपं आहे. संगणकाला बोलता येत नाही आणि टेलिफोनच्या तारेला आवाजाशिवाय दुसरं काही कळत नाही. मी मधला दुभाषी. रेनाटाने अक्षर टंकलं की मी त्याच्या शिट्ट्या करायचो आणि पलीकडून शिट्ट्या आल्या की त्यांची अक्षरं करायचो. पण पोर्टलंड म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे सरळ फोन लावून गप्पा मारायच्या तर रेनाटाचा पगार बिलातच जायचा. म्हणून मी गावातल्या गावातच फोन लावायचो, एका मोठ्या जाळ्याच्या नाक्यावर. तो नाका रेनाटाचं बोलणं घ्यायचा, त्याचे छोटे छोटे गठ्ठे बांधायचा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर पत्ता चिकटवायचा. मग हजारो माणसांचे गठ्ठे एकाच तारेवरून, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावायचे. कुणाचा गठ्ठा हरवायचा नाही, कुणाचा मागेपुढे व्हायचा नाही. दिवसभर या वाटेने बँकांचे आणि कचेऱ्यांचे हिशेब जायचे. संध्याकाळी वाट रिकामी झाली की ती आमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी खुली व्हायची.

पोर्टलंडच्या नाक्यावर माझ्यासारखाच एक मोडेम बसलेला असायचा. तो कुणा एकाचा नव्हता. टांगेवाल्यासारखा जो येईल त्याचा! तो तिथल्या तिथे फोन फिरवायचा आणि रेनाटा पोचायची ऑरविल टीग यांच्या घरी.

घरी म्हणजे त्यांच्या संगणकावर हं. ऑरविल नावाचे हे गृहस्थ कॉन्सर्टिनाचे वेडे होते. कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरून दाबायची-ओढायची चौकोनी पेटी. आपल्या पेटीसारखेच तिच्या पोटात पितळेच्या पट्ट्यांचे सूर असतात. ऑरविलच्या गॅरेजमध्ये अशा मोडक्या पेट्यांचा ढीग होता आणि त्यांच्या संगणकावर होता एक फलक. देशभरातले कॉन्सर्टिनावाले तिथे येऊन प्रश्न लिहायचे, उत्तरं द्यायचे, भांडायचे, पुन्हा गोड व्हायचे. पण फोनची तार एकच. एक माणूस आत असला की बाकीचे दाराबाहेर.

रेनाटा तिथे जायची ती काझसाठी. काझच्या पेटीतला एक खर्जातला सूर कधीच मुका झाला होता. तसा सूर आता कुठे मिळत नव्हता. काझ मात्र हार मानणारे नव्हते. वाजवता वाजवता तो सूर आला की ते तोंडाने "हूंऽऽ" करायचे आणि पुढे जायचे! लग्नकार्यात पोरं त्यांना मुद्दाम तेच गाणं वाजवायला लावायची आणि "हूंऽऽ" आलं की खिदळायची. काझही हसायचे. पण घरी आल्यावर पेटी खाली ठेवताना ते त्या मुक्या बटणावरून अंगठा फिरवायचे, ते मी टेबलावरून पाहायचो.

पुष्कळ दिवसांनी ऑरविलने लिहिलं, "रेनाटा, माझ्या बायकोच्या पेटीत तो सूर आहे. ती गेल्यापासून मी ती पेटी उघडली नाही. तुझ्या बाबांसाठी उघडीन म्हणतो. थोडा धीर धर."

काय सांगू, रेनाटाने खुर्चीतच गिरकी घेतली. माझे सगळे दिवे पेटले होते, आणि ते काही नुसत्या विजेने नाही!

त्याआधी घडलेली एक गंमत सांगायलाच हवी. एकदा रेनाटाने पोर्टलंडचा नाका गाठला आणि बघते तर काय, ती आधीच कुणाच्या तरी घरात शिरलेली! पडद्यावर लिहिलं होतं, 'बोला ड्वेन, पुढे काय?' झालं असं की, ड्वेन नावाचा कुणी गडी नीट बाहेर न पडताच उठून गेला होता. एरवी असं झालं की जाळं दूरच्या मोडेमला हात सोडायला लावायचं. पण कधीकधी तो निरोप त्याच्यापर्यंत पोचायचा नाही आणि तो बिचारा फोन धरून तसाच बसायचा. मग पुढच्या माणसाला ड्वेनची खुर्ची आयतीच मिळायची, ड्वेनच्या नावासकट.

"बाबा, मी ड्वेन झालेय!" रेनाटा ओरडली.

"लिही काहीतरी अचरट," काझ आतून म्हणाले.

"छे! बिचाऱ्याचं घर आहे ते." तिने काही लिहिलं नाही, काही वाचलंही नाही. ड्वेनच्या वतीने निरोप घेतला आणि दार लावून घेतलं. मला तिचा केवढा अभिमान वाटला!

म्हणून बाहेर पडायची आमची रीत ठरलेली होती. आधी फलकाचा निरोप घ्यायचा. मग दूरच्या मोडेमला 'हात सोड' म्हणायचं. मग जाळ्याचा निरोप, आणि सगळ्यात शेवटी माझा. रेनाटा ही रीत कधी मोडायची नाही.

एका शुक्रवारी मोडली.

शुक्रवारी मिलवॉकीत सगळं गाव तळलेला मासा खायला जातं. काझ कोट-टोपी घालून दारात. "पोरी, मासा संपेल! मागच्या वेळी मला नुसता बटाटा खावा लागला."

"आले, आले!"

"आले आले म्हणत तू पोर्टलंडला पोचलीस की!"

"झालंच रे बाबा!" रेनाटा हसत उठली. पडद्यावर ऑरविलचा फलक उघडाच होता. तिने टेबलाखाली पाय घातला आणि पायाच्या अंगठ्याने विजेचं बटण दाबलं. माझे दिवे विझले.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. कुणी सांगितल्याशिवाय मी शिट्टीसुद्धा घालू शकत नाही. विझता विझता मला एवढंच वाटलं, 'अगं, दार!'

सोमवारी रेनाटाने पुन्हा फोन लावला. ऑरविलच्या फलकावर तिने नाव टंकलं आणि उत्तर आलं, 'रेनाटा गापिन्स्की, तुम्हाला इथे यापुढे प्रवेश नाही.' फोन कट.

तिला वाटलं काही चुकलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मला मात्र एका क्षणात कळलं काय झालं असणार. पण मी काय करू? दिलेली अक्षरं मी पोचवू शकतो, पण स्वतःचं एक अक्षर मला मध्ये घालता येत नाही.

मग तिने माझ्या डोक्यावरचा रिसीव्हर उचलून थेट ऑरविलचा नंबर फिरवला. होऊ दे बिल! पण त्या घरात तार एकच, आणि ती उचलायचा संगणक. कानात कर्कश शिट्टी घुसली.

"ऑरविल! अहो, मी रेनाटा! माझं काय चुकलं?"

शिट्टी.

"तो काय म्हणतोय?" काझने विचारलं.

"शिट्टी मारतोय बाबा," रेनाटा म्हणाली आणि रडायलाच लागली.

शेवटी ती काझच्या नावाने आत गेली. तिथे नव्या माणसाला फलक नुसता वाचता यायचा. लिहायची परवानगी ऑरविलशी बोलणं झाल्यावर. फलकावर शुक्रवारच्या तारखेचा एक मजकूर होता, खाली नाव रेनाटाचं. 'म्हाताऱ्या, तुझ्या बायकोची ती भंगार पेटी जाळून शेकोटी कर. निदान ऊब तरी मिळेल.'

काझने चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हे तू...?"

"बाबा!"

"नाही नाही, मला माहीत आहे. तू तर माझ्यासमोर मासा खात होतीस." त्यांनी चष्मा काढला. "माझ्याच तर घाईने..."

रेनाटाचा हात तोंडावर गेला. "ड्वेन," ती पुटपुटली. "मी ड्वेन झाले, बाबा. मी दार उघडं टाकलं आणि कुणीतरी माझ्या खुर्चीत बसलं."

इतक्यात पडद्यावर अक्षरं उमटली. स्वतः ऑरविल आले होते. 'काझ, नमस्कार. त्या मुलीचे वडील ना तुम्ही? बोला.'

रेनाटाने खुर्ची पुढे ओढली. तिने लिहिलं, 'रेनाटा इथे माझ्या शेजारी बसली आहे. तिला काही सांगायचं आहे.'

"किती हळू लिहितेस! पहिलं हे सांग की तू नव्हतीस."

"सांगतेय ना बाबा, नीट सांगू दे."

"असं लिहून कुठे पटतं माणसाला? मीच बोलतो त्याच्याशी!" आणि काझ तरातरा स्वयंपाकघरात गेले. तिथे दुसरा टेलिफोन होता, याच तारेवरचा.

"बाबा, नको! बाबा, उचलू नको!"

काझने उचलला. "हॅलो, ऑरविल! माझी पोरगी तशी नाही! ऐकतोयस का?"

तो आवाज माझ्या कानात शिरला, मित्रांनो. इतका खरा, इतका कळकळीचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पण मला आवाज कुठे समजतो? मला शिट्ट्याच समजतात. मी त्या आवाजाची अक्षरं करायला गेलो आणि झालं काय? टिंबं, कंस, चौकोन, फुल्या! नाक्याने त्या कचऱ्याचेही नेहमीच्याच इमानदारीने गठ्ठे बांधले, पत्ते चिकटवले आणि पोर्टलंडला नेऊन पोचवले. एकही गठ्ठा हरवला नाही. मग माझ्या हातून धागा सुटला आणि फोन तुटला.

रेनाटाने लगेच पुन्हा फोन लावला, सगळ्यात आधी ते दार बंद करायला. यावेळी तिने एकेक निरोप रीतसर घेतला.

दुसऱ्या दिवशी फलकावर काझच्या नावे पत्र आलं होतं. 'काझ, काल पडद्यावर तो सगळा गोंधळ पाहून समजलो, तुमची कळफलकावर झटापट चालली होती. पोरीला फैलावर घेतलंत ना? रागावू नका तिच्यावर. तरुण वय आहे. मी तिला माफ केलं. सूर टपालाने पाठवला आहे.'

रेनाटाने काझच्याच नावाने आत जाऊन लांबलचक उत्तर लिहिलं. मासा, अंगठा, ड्वेन, उघडं दार, सगळं. मी अक्षर न् अक्षर पोचवलं, स्वच्छ, एकही टिंब जास्त नाही. ऑरविलचं उत्तर आलं, 'बरं, बरं. माझीही मुलं चुका झाल्यावर अशाच गोष्टी रचायची. विषय संपला.' तिचं नाव मात्र त्यांनी पुन्हा कधी आत घेतलं नाही.

सूर आला. कापसात गुंडाळलेली पितळेची एक पट्टी, बोटाएवढी. रेनाटा म्हणाली, "बाबा, बसव ना. तुझ्यासाठीच तर सगळं केलं."

काझने ती पट्टी उजेडात धरली. ओठांशी नेऊन फुंकर घातली. खोलीभर तो खर्जाचा सूर घुमला, नेमका तोच. कितीतरी वर्षांनी! त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी तो पुन्हा कापसात गुंडाळला.

"नाही," ते म्हणाले. "तू न केलेल्या गोष्टीची माफी आहे ही. ती मी माझ्या पेटीत कशाला भरू?"

"परत पाठवूया?"

"त्याच्या बायकोचा आहे. परत पाठवला तर त्याला वाईट वाटेल. राहू दे."

त्या उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत काझने पेटी वाजवली. रेनाटा पुढच्या रांगेत बसली होती. ती मला घरी येऊन सांगत होती, म्हणजे मांजराला सांगत होती, पण मी ऐकत होतो. तो सूर आला तेव्हा काझने थेट तिच्याकडे बघत "हूंऽऽ" केलं. या वेळी रेनाटानेही त्यांच्याबरोबर "हूंऽऽ" केलं, सगळ्यांदेखत, मोठ्याने.

पुढे हौशी लोकांची ती वाट बंद झाली. माझ्याहून चपळ मोडेम आले. रेनाटाने मला फडक्यात बांधून खोक्यात ठेवलं आणि माझ्या शेजारी ती कापसाची पुडी ठेवली. आता अंधारात आम्ही दोघं आहोत. मला कुणी तार जोडत नाही, त्या सुराला कुणी फुंकर घालत नाही. आम्हा दोघांकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मित्रांनो, मला पुन्हा जोडा असं मी म्हणणार नाही. माझी वाटच आता उरली नाही. पण तुम्ही रोज कुठे कुठे जाता, किती दारं उघडता. उठताना एवढंच करा, कितीही हाका येऊ देत, मासा संपला तरी चालेल, पण दार लावून उठा. आणि कधी कुणाचं दार उघडं दिसलंच, तर आत बसू नका. रेनाटाने ड्वेनचं लावलं होतं ना, तसं हळूच लावून घ्या.

तिचंही कुणीतरी लावायला हवं होतं.