कोरी बशी

आमच्या खोलीत शिरायचं तर आधी दाराशी ठेवलेल्या वहीत कपडे लिहायचे. अंगात काय, कशाचं, रंग कोणता. ओढ्यातल्या गाळात आणि काठच्या शेतांतल्या मातीत प्लॅस्टिकचे धागे किती, ते मोजायचं आमचं काम. असला धागा केसापेक्षा बारीक. तुमच्या स्वेटरचा एक धागा उडून नमुन्यात पडला, की तो ओढ्याच्या नावावर चढतो. म्हणून ही वही. नियम मी केलेला नाही, पण पाळायला मी लावते. एकदा आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, मोज्यांचा रंग लिहायला विसरले, तर त्यांनाही दारातून परत पाठवलं होतं. माझ्यामागे सगळे मला भिंगबाई म्हणतात. म्हणोत बापडे. माझं काय जातंय!

जातं ते एवढंच, की खोलीकडे कुणी फिरकत नाही. एक आक्का तेवढी यायची. आमचं काचेचं सामान ती धुते, म्हणजे धुवायची. रोज अकराला हिरवा स्वेटर बाहेरच्या खुंटीला अडकवायचा, वहीत ‘सुती, पांढरं’ असं गिरगटायचं, आणि सामान ठेवता ठेवता साऱ्या इमारतीच्या बातम्या सांगायच्या. मग दाराबाहेर उभ्यानेच आमचा चहा. माझ्या अख्ख्या दिवसातलं बोलणं म्हणजे ती वीस मिनिटं. घरी कुणाशी बोलणार? मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली त्याला चार वर्षं झाली. रविवारी तिचा फोन येतो, तोही गॅसवर दूध ठेवून आल्यासारखा, सारखी ‘ठेवते हं’ची घाई.

काम करताना शेजारी एक कोरी बशी उघडी ठेवायची असते. त्या बशीत नमुना नसतोच. तिच्यात जे पडेल ते खोलीतल्या हवेतलं, ओढ्यातलं नव्हे. गेल्या हिवाळ्यात त्या बशीत हिरवे धागे दिसायला लागले. एक, दोन, मग रोज तीन-चार. माझी झोप उडाली. कोऱ्या बशीतच धागे, तर नमुन्यांवर विश्वास कुणी ठेवायचा? सहा महिन्यांचं काम पाण्यात जायची वेळ आली.

त्याच आठवड्यात आक्का चहा पिताना म्हणाली, “रविवारची वाट कशाला बघत बसतेस? तूच लाव की लेकीला फोन. का तुझी भीती वाटते तिला, आमच्यासारखी?”

ती हसत होती. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी बशीत पुन्हा हिरवा धागा, आणि खुंटीला तो हिरवा स्वेटर. झालं! मी बाहेर व्हरांड्यात, चारचौघांत तिचा पाणउतारा केला.

“स्वेटर घालून आत येतेस आणि वहीत खोटं लिहितेस?”

“देवाशपथ नाही गं! रोज बाहेर काढते, तुझ्या डोळ्यांदेखत.”

स्वेटरचा एक धागा काढून भिंगाखाली बशीतल्या धाग्याशेजारी ठेवायचा, एवढंच करायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. जन्मभर तेच करत आलेय. पण त्या दिवशी नाही केलं. सरांना चिठ्ठी लिहिली, काच धुणारी नियम पाळत नाही. आठवड्यात आक्काची बदली पुढच्या इमारतीत झाली, आमच्याच संस्थेच्या टपाल विभागात. नवीन माणूस सामान दाराबाहेरच ठेवून पळायला लागला.

आणि बशीत हिरवे धागे येतच राहिले.

एका सकाळी केस विंचरले आणि फणी साफ करायला घेतली. फणीत हिरवा धागा. माझ्या झोपायच्या खोलीत गारठा असतो असं स्वतःला सांगत मी दोन वर्षं मुलीच्या पलंगावर झोपत होते, तिचं हिरवं, मऊ, लोकरीसारखं दिसणारं पांघरूण डोक्यावरून घेऊन. लोकर कसली, शुद्ध प्लॅस्टिक. आणि हिवाळ्यापासून ते जुनं झाल्यामुळे त्याचे धागे सुटून माझ्या केसांत अडकत होते. वहीत अंगावर काय आहे ते लिहायचं असतं. रात्री काय पांघरलं, हे कुणी विचारत नाही.

फणीतला धागा कागदाच्या पुडीत घालून नेला, भिंगाखाली ठेवला. तोच. शंकाच नको.

पुडी टाकून दिली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण आक्कावरचा आळ तसाच राहिला असता. मी वही ओढली आणि लिहिलं: ‘हिरवे धागे माझे. मुलीचं पांघरूण घेऊन मी रोज झोपते.’ लिहिताना कान गरम झाले. सरांनी वाचलं आणि सगळ्या आकड्यांतून हिरवे वजा करायला बसले. ओढ्याचं त्याने काही भलं झालं नाही. प्लॅस्टिकच्या सुतळीचे निळे तुकडे, तण उगवू नये म्हणून शेतात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाचे काळे, पिशव्यांचे पांढरे, सगळे होते तिथेच होते.

अकराला मी टपाल विभागात गेले. आक्का तिघीचौघींबरोबर पाकिटं चिकटवत होती, हसणं चाललं होतं. मला पाहताच सगळ्यांच्या नजरा पाकिटांकडे वळल्या.

“आक्का, ते धागे माझे होते. मुलीच्या पांघरुणाचे. चुकले मी.”

ती पाकिटं चिकटवतच राहिली. “तू? मग धुवायचं नाही का ते, इतकं सुटत होतं तर?”

“धुतलं असतं तर तिचा वास गेला असता.”

तिचा हात थांबला. तिने स्टूल पुढे सरकवलं, चहा दिला. मला रडू आलं, तशी तिने पाठीवर थोपटलंसुद्धा.

“सरांना सगळं लिहून दिलंय,” मी म्हटलं. “उद्यापासून ये परत.”

“नाही गं.” ती अगदी शांतपणे म्हणाली. “राग गेला माझा, खरंच गेला. पण इथं मला कुणी दारात उभं करून कपडे विचारत नाही. बरं वाटतं.”

चहा संपवला आणि आले.

पांघरूण बांधून कपाटात ठेवलंय. हल्ली सुती चादर घेऊन माझ्याच पलंगावर झोपते. परवा सर खोलीत न येता दारातूनच म्हणाले, “बाई, पंधरा दिवस झाले, कोऱ्या बशीत एक धागा नाही! असं स्वच्छ काम मी कुठे पाहिलं नाही. कमाल आहे तुमची.”

कमाल कसली, डोंबलाची! ते गेल्यावर मी वही चाळली. पंधरा दिवसांची पानं, रोज एक ओळ, सुती, पांढरं. सगळ्या ओळी माझ्याच अक्षरात.