सुफ्लेची ट्रायल

मी ओव्हन बोलतोय. आवाज जरा फाटका वाटेल, कारण माझ्या दाराची स्प्रिंग सैल आहे आणि तोंड काही नीट मिटत नाही.

या घरात मला आणलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, एकदा टीव्हीवर सुफ्ले पाहिला होता. फ्रेंच लोकांचा पदार्थ, अंड्याच्या फेसाचा, भाजताना भांड्याच्या काठावर टोपीसारखा फुगून येणारा. "एकदा खाऊन बघायला हवा," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी पुढच्याच आठवड्यात मला घरी आणलं आणि छातीठोकपणे सांगितलं, मी करून घालीन.

याला सात वर्षं झाली. सात वर्षांत मी एक बिस्किटसुद्धा भाजलं नाही. पहिल्याच महिन्यात माझ्या पोटात एक तवा आला आणि मग त्याचं अख्खं खानदान आलं. चार तवे, तळ जळालेली कढई, ज्यांची भांडी कधीच हरवली अशी झाकणं आणि पिशव्यांनी गच्च भरलेली एक पिशवी. माणसांना रिकामी जागा बघवत नाही.

गेल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "अहो, रविवारी भंगारवाला येतोय. हा ओव्हन देऊन टाकू. सुफ्ले काही होत नाही, जागा तरी होईल."

त्या चिडल्या असत्या तर मास्तरांनी दुर्लक्ष केलं असतं. पण त्या शांतपणे बोलल्या आणि तेच त्यांना लागलं. मी तर गारच पडलो. तसा गार मी सात वर्षं होतोच म्हणा.

रविवारी सकाळी बाई बहिणीकडे गेल्या. मास्तरांनी माझं पोट रिकामं करून सगळा ढीग ओट्यावर रचला आणि लेकीला फोन लावला. तिनं सगळी कृती सांगून वर बजावलं की आत ठेवल्यावर पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, काही झालं तरी.

जन्मात पहिल्यांदा मी तापलो. काय सांगू तो आनंद! फक्त एक प्लॅस्टिकचं झाकण कोपऱ्यात राहून गेलं होतं. ते वितळलं, धूर झाला, मास्तरांनी मला थंड करून, खरवडून पुन्हा पेटवलं.

शिवताना चार बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवणारा माणूस. चार अंडी सांगितली होती, त्यांनी सहा घेतली, न जाणो आटलं तर. फेस तयार झाला की भांडं उलटं केलं तरी पडत नाही, असं लेक म्हणाली होती. मास्तरांनी ते स्वतःच्या डोक्यावर उलटं करून पाहिलं. फेस तयार नव्हता.

डोकं पुसून, नवी अंडी फोडून, दुसऱ्या खेपेला जमलं. भांडं आत आलं, दार लागलं. मी जीव ओतून ऊब दिली आणि खरोखर तो फुगायला लागला. मास्तर गळ्यातली टेप काचेला लावून मोजत होते. अर्धा इंच, एक, दीड.

पंधराव्या मिनिटाला त्यांचा हात माझ्या मुठीवर आला. मी समजून चुकलो. चाळीस वर्षांत या माणसानं ट्रायल घेतल्याशिवाय एक कोट बाहेर दिलेला नाही. कपडा अर्ध्यावर आला की अंगावर चढवून बघायचा, खडूनं खुणा करायच्या आणि मगच पुढे जायचं. मी दार गच्च धरायचा प्रयत्न केला, पण या सैल स्प्रिंगनं घात केला.

गार वारा आत शिरला. सुफ्लेनं एक सुस्कारा सोडला आणि खाली बसला.

तेवढ्यात बाई आल्या. ओट्यावर अंड्यांची टरफलं, मास्तरांच्या कानामागे वाळलेला फेस, हातात खड्डा पडलेलं भांडं.

"हे उसवून परत शिवता येत नाही गं," मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी चमचा घेतला आणि उभ्याउभ्याच खायला लागल्या. मी श्वास रोखून बघत होतो.

"मीठ विसरलात," त्या म्हणाल्या. पण चमचा थांबला नाही. शेवटी त्यांनी भांड्याची कड खरवडली, आणि तीही मास्तरांना न विचारता स्वतःच खाल्ली. इतकं हलकं वाटलं मला, की मीच फुगतोय की काय असं झालं.

बेल वाजली. दारात भंगारवाला उभा होता. बाई दार उघडून परत स्वयंपाकघरात आल्या, माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या ढिगाकडे.

"ओव्हन नाही द्यायचा," त्या बाहेर डोकावून म्हणाल्या. "हे चार तवे आणि कढई घेऊन जा."

सात वर्षं माझ्या उरावर बसलेलं खानदान पोत्यातून खणखणत जिना उतरलं, ते मी अगदी मनापासून ऐकलं.

आता दर रविवारी मी तापतो. सुफ्ले अजून एकदाही पुरता उभा राहिलेला नाही, कारण ट्रायल काही सुटत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर कृपा करून त्याच्या पोटातलं भांडंकुंडं बाहेर काढा, आणि एकदा दार लावलं की जरा धीर धरा.

पिशव्यांची पिशवी मात्र सोमवारीच माझ्या पोटात परत आली.