बजाबाईचं बोट

सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उत्कर्षा तंत्रज्ञ होती. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि रक्त नको तेवढं पातळ झालं नाही ना, हे वरचेवर तपासावं लागतं. त्यासाठी तळहाताएवढं यंत्र आलं होतं. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर टेकवायचा, मिनिटात आकडा. ते गावच्या उपकेंद्रांना द्यावं की नाही, हे उत्कर्षानं पारखायचं होतं. प्रत्येकाच्या बोटातलं रक्त यंत्रावर, शिरेतलं प्रयोगशाळेत. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

एक्कावन्नांपैकी बेचाळीस जणांचे जुळले, नऊ जणांचे नाहीत. त्यांतल्या बजाबाईचं रक्त तर यंत्रानं ठीक ठरवलं आणि प्रयोगशाळेत ते धोक्याइतकं पातळ निघालं. तिची गोळी लगेच कमी केली.

“यंत्रावर विसंबलो असतो तर बाई जिवानिशी गेली असती,” प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. पंचाक्षरी म्हणाले. “परत पाठवू हे.”

मंगळवेढ्याकडच्या रानात राबणारी बजाबाई बाकावर बसूनच हे ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, “ताई, म्हंजी मशीन आमच्याकडं येणार न्हाय? दोन एसट्या बदलून यावं लागतंय. सुगीत दोन म्हैनं आलेच न्हाय की मी.”

दोन महिने तपासणीच नाही!

उत्कर्षानं न जुळलेल्या नऊ जणांचे कागद पसरले. पट्ट्या ताज्या होत्या, खोलीही थंड होती. मग कामधंद्याचा रकाना दिसला. आठ जण शेतमजूर, एक दगड फोडणारा. तिनं स्वतःचं बोट टोचलं. थेंब टपकन वर आला. बजाबाईच्या बोटाला मात्र घट्टे होते. रक्त येईना म्हणून आपण ते लिंबासारखं पिळलं होतं! पिळलं की मांसातला द्रव मिसळतो आणि रक्त लवकर गोठतं, म्हणून यंत्राला ते आहे त्याहून कमी पातळ वाटतं.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. “सर, यंत्र चुकलं नाही. मी चुकले.”

त्यांनी ऐकून घेतलं. “सिद्ध कर. पण आधीचे आकडे खोडायचे नाहीत.”

“नाही खोडणार, सर. माझ्या चुकीसकट अहवालात देईन.”

नऊही जणांना पुन्हा बोलावलं. कोमट पाण्यानं हात धुवायचे, हात खाली सोडून बसायचं, बोटाच्या कडेला टोचायचं, पिळायचं मुळीच नाही. बजाबाईच्या बोटावर थेंब आपसूक फुगला. यंत्र म्हणालं तीन पूर्णांक एक. तासाभरानं प्रयोगशाळेचा आकडा आला, तीन पूर्णांक दोन.

“जुळलं!” उत्कर्षा ओरडलीच. शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली.

नऊच्या नऊ जुळले. डॉक्टरांनी मग घट्टेवाल्या हातांचे तीस नवे रुग्ण तपासायला लावले. तेही जुळले. शेवटचं पान वाचून ते उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “यंत्रं जाऊ द्या उपकेंद्रांना. आणि बोट कसं टोचायचं, ते उत्कर्षा शिकवेल.”

पुढच्या महिन्यात ती बजाबाईच्या गावी गेली. उपकेंद्राची परिचारिका मनाली यंत्र उघडते तोवर बजाबाईनं बाहेर रांगच लावली होती.

“आदी हात धुवा रं समदे, कोमट पाण्यानं!” ती दरडावत होती. “आन् बोट कुणी पिळायचं न्हाय. सांगून ठेवते!”