माहूरच्या घाटातलं टोचन

मित्रांनो, मी जुनी पिकअप आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. सकाळी चावी फिरवली की मी आधी खोकते, काळा धूर सोडते आणि मग चालू होते. माझं डावीकडचं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडावं लागतं. हँडब्रेकची तार सैल आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण जन्मभर कुणाशी ना कुणाशी तुलना करून घ्यायचा मला अगदी वीट आला आहे.

उमरीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चार ड्रायव्हर जमले, की दुसरा विषय निघत नाही. "कोन्त्या इंजिनात दम हाय?" एकाला हॉर्सपॉवरचे घोडे जास्त हवेत, दुसऱ्याला टिकाऊपणा हवा, तिसऱ्याला ओढ हवी. तासभर भांडतात. पण त्या तासात एकजणही बॉनेट उघडून आतलं ऑइल बघत नाही!

माझा जन्म कारखान्यातला. चार सिलिंडर, जाड लोखंडी ब्लॉक, आणि कॉम्प्युटर वगैरे काही नाही. लातूरहून मला माझ्या मालकाने, श्रीमंतने, उमरीला आणलं, तेव्हा त्याच्या बायकोने, साखराबाईने, माझ्या चाकाखाली लिंबं ठेवली आणि काचेवर कुंकवाचं बोट ओढलं. पहिली काही वर्षं श्रीमंत मला स्वतःच्या उपरण्याने पुसायचा. सोयाबीन, हळद, कापूस, सिमेंट, लोहा गावच्या बाजाराला बैल... त्याने सांगितलं ते मी नेलं. चिखलात रुतलेले ट्रॅक्टरसुद्धा ओढून काढले. सगळे म्हणायचे, "श्रीमंतराव, गाडी म्हंजी लोखंड हाय तुमची."

त्या कौतुकानेच माझा घात केला. लोखंडच आहे म्हटल्यावर त्याला काय होतंय? ऑइल काजळासारखं काळं झालं, तरी बदललं नाही. एअर फिल्टर धुळीने गच्च झाला. रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की हा गडी वाटेतल्या नाल्यातलं गढूळ पाणी ओतायचा आणि वर म्हणायचा, "माझ्या गाडीला काय बी चालतं." अरे, चालत नाही रे! मी सोसते, म्हणून तुला चालल्यासारखं वाटतं.

साखराबाईची धाकटी बहीण उज्वला. ती किल्लारीला दिलेली आहे. तिचा नवरा वैजनाथ म्हणजे श्रीमंतचा साडू. या दोन साडूंची चढाओढ लग्नापासूनची. कुणाच्या लग्नात मान जास्त झाला, कुणाची म्हैस जास्त दूध देते, असं काहीही त्यांना पुरायचं. मग वैजनाथने नवी कोरी पिकअप घेतली आणि म्हशी मागे पडल्या.

एका चैत्रात दोघी बहिणींच्या आईने, पंचफुलाबाईने, माहूरला जायचं काढलं. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं होतं. रेणुकामातेची ओटी स्वतःच्या हाताने भरेन, असा तिचा नवस होता. एका गाडीत सगळे मावले असते. पण दोन साडू असताना एक गाडी कशी निघणार?

वैजनाथ उज्वलाला घेऊन आदल्या दिवशीच उमरीला आला. सकाळी माझ्या हौद्यात गल्लीतल्या सात-आठ बाया चढल्या, पातेली चढली, पिठाचं पोतं चढलं, पुरणाचा डबा चढला. मी माल वाहणारी गाडी. माझ्या हौद्यात माणसं बसवायची नसतात, हे साऱ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच पाळत नाही. साखराबाई त्या बायांबरोबर मागेच बसली. पंचफुलाबाई पुढे बसली, त्या बिघडलेल्या दाराशी.

भोकर, हिमायतनगर, किनवट. सपाट रस्त्यावर नवी पिकअप मला सहज मागे टाकायची. खरं तेच सांगते, ती चांगली होती. घोडे माझ्याहून कितीतरी जास्त, धूर नाही, आवाज मऊ. घोड्यांनी गाडी धावते, मित्रांनो, आणि त्यात मी तिच्या जवळपाससुद्धा नव्हते. वैजनाथ खिडकीतून ओरडायचा, "साडूभाऊ, टायरं फिरून राहिलीत का नुसताच धूर निघून राहिला?" श्रीमंत दात खायचा आणि माझा ॲक्सिलरेटर पार खाली दाबायचा. त्यांच्या भांडणात पाय माझ्यावर!

वाटेत डिझेल कमी झालं म्हणून वैजनाथने एका टपरीवरून कॅनमधलं सुटं डिझेल भरलं. थोड्याच वेळात नवीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकू लागला. डिझेलमध्ये पाणी आहे, असं ती बिचारी सांगत होती. उज्वला म्हणाली, "अहो, ही बत्ती कशाची?"

"नव्या गाडीत लुकलुकतच असतंय. गप बस."

नवीनेच मला हे नंतर सांगितलं. मला वाटलं होतं, नव्यांचं तरी ऐकत असतील. कसलं काय!

माहूरचा चढ लागला. अर्ध्या घाटात नवी दोनदा दचकली आणि बंद पडली. श्रीमंतला जो आनंद झाला, तो त्याला लपवता आला नाही. त्याने मला तिच्या पुढे नेऊन लावलं आणि हौद्यातली साखळी काढली.

"या साडूभाऊ, टोचन करतो. बघा आता जुन्याची ओढ."

साखराबाई वरूनच म्हणाली, "अहो, अगोदर बाया उतरू द्या. सामान उतरवा."

"बसा गपचूप. माझ्या गाडीत दम हाय."

दम! मित्रांनो, ओढणं म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. कमी वेगात भार हलवायची ताकद माझ्यात होती, ती मी कधी नाकारली नाही. पण टोचनात क्लच लागतो, ब्रेक लागतात, आत थंड पाणी लागतं आणि मागे किती वजन आहे याचं भान लागतं. माझ्यामागे एक आख्खी गाडी, अंगावर दहा-अकरा माणसं आणि रेडिएटरमध्ये नाल्याचा गाळ. तरी मी पहिल्या गिअरमध्ये ओढलं. एक वळण ओढलं. दुसरं अर्धं ओढलं. तापमानाचा काटा लाल रेषेच्या पार गेला. बॉनेटमधून वाफ निघायला लागली, तरी श्रीमंत हसतच होता.

मग माझ्या आत काहीतरी फाटलं आणि मी बंद पडले.

इंजिन बंद झालं की माझा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. नुसत्या पायाने तो नीट लागत नाही. गिअरमुळे मी क्षणभर थांबले होते, पण श्रीमंतने घाबरून क्लच दाबला आणि मी मागे घरंगळले. त्याने हँडब्रेक ओढला. सैल तार नुसतीच वर आली. धाडकन मी नवीच्या तोंडावर आदळले आणि तिलाही घेऊन मागे सरकू लागले. तिचंही इंजिन बंद, तिचाही ब्रेक घट्ट. मागे वळण होतं. वळणाच्या पलीकडे दरी होती. हौद्यात बाया किंचाळल्या, पुरणाचा डबा कलंडला. पुढे पंचफुलाबाई दार ढकलत होती आणि दार उघडत नव्हतं. इतकी वर्षं मी ओझी वाहिली, पण भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

साखराबाईने मागच्या फळीवरून उडी टाकली. ती गुडघ्यांवर पडली, तशीच उठली आणि कडेचा मोठा दगड उचलून माझ्या मागच्या चाकाखाली सारला. "उज्वले, दगड लाव! दगड!" उज्वला खाली उतरून धावलीच होती. तिने नवीच्या चाकाखाली दगड लावला. एक दगड निसटला, तिने दुसरा लावला. आम्ही दोघी करकरलो आणि थांबलो.

मग उज्वलाने बाहेरून दार उघडून आईला खाली घेतलं. म्हातारीने खांद्यावरचा पदर नीट केला.

"जावईबापू," ती म्हणाली, "माझे डोळे डाक्टरनं उघडले. तुमचे कोनी उघडावेत? मी देवीची वटी भराया आले, तुमच्या इंजिनाची न्हाई."

तेवढ्यात एसटी आली. साखराबाईने हात केला. साऱ्या बाया पातेली घेऊन तिच्यात चढल्या आणि वर निघून गेल्या. साखराबाईच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तिने नवऱ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घाटात दोन साडू आणि आम्ही दोघी उरलो. वैजनाथने त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीला, उदगीरच्या महादेवप्पाला, फोन लावला. महादेवप्पाने फोनवरच विचारलं, "बत्ती लागली होती न्हवं? मग थांबलास का न्हाईस?" मग त्याने सांगितल्याप्रमाणे फिल्टरखालचा नळ सोडला. भांडंभर पाणी निघालं. थोड्या खटपटीनंतर नवी चालू झाली. इतकंच होतं ते!

माझं मात्र इतकंच नव्हतं. श्रीमंतने ऑइल मोजायची कांडी बाहेर काढली. टोकावर ताकासारखं पांढरट पाणी होतं. पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं माझ्या हेडचं गॅस्केट गेलं होतं. जुन्या गाडीच्या मालकाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तो माझ्या बंपरवर बसला आणि म्हणाला, "म्याच मारली हिला."

वैजनाथने चिडवलं नाही. एका ट्रॅक्टरवाल्याकडून त्याने आम्हा दोघींना जोडायला लोखंडी दांडा मागून आणला. रिकामी मी आणि रिकामी ती, अशा आम्ही किनवटच्या गॅरेजपर्यंत आलो. या वेळी पुढे ती होती. उतारावर तिने मला हळूहळू, इंजिनाच्या जोरावर रोखत नेलं, एकदाही हिसका दिला नाही. कुणाचं टोचन भारी, हे तुम्हीच ठरवा. मला आता त्यात रस नाही.

किनवटला माझं हेड घासलं, गॅस्केट बदललं, रेडिएटरमधून निघालेला गाळ पाहून मिस्त्रीने कपाळाला हात लावला. उमरीला परत आले तेव्हा साखराबाईचा गुडघा बरा झाला होता, पण अबोला अजून मोडला नव्हता. एका सकाळी म्हशीला वैरण घालून ती माझ्यापाशी आली आणि बॉनेटशी झटू लागली. ते तिला उघडेना. श्रीमंत दारात उभा होता. तो मुकाट्याने आला, खटका दाबून बॉनेट उघडलं आणि कांडी पुसून तिच्या हातात दिली.

"हितवर पायजे," त्याने खूण दाखवली. "कमी हाय."

"मग आज गाडी न्हाई जायाची," साखराबाई म्हणाली. कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती.

"न्हाई जायाची," तो म्हणाला.

मोंढ्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्याने भाडं नाकारलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी गाडी असेल, मोटर असेल, नाहीतर न कुरकुरता राबणारं एखादं माणूस असेल. त्याच्यात दम किती, हे मोजायला सगळेच पुढे येतात. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. त्याला काय हवंय ते विचारा, आणि त्याने सांगितलं तर त्याच दिवशी ऐका. उद्या चढ लागणार असतो.